पितळी पट्टीवरचा आकडा : जुन्या हार्पचा आजचा मालक कसा शोधतात

हार्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाताळच्या कार्डावरचा देवदूत येतो. मराठीत तिला सोयीचा शब्द नाही. वीणा म्हणावं तर आज आपण जिला वीणा म्हणतो तिला दांडी असते, आणि हार्पला ती नसते. स्वरमंडळ जरा जवळचं, कारण तिथेही प्रत्येक सुराला स्वतंत्र तार असते. गंमत अशी की प्राचीन भारतात अस्सल हार्प होती आणि लोक तिला वीणाच म्हणत. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर सम्राट मांडीवर घेऊन जे वाजवतोय ती धनुष्यासारखी वाकलेली हार्पच आहे. ती कुणाची, हेही नाण्याच्या कडेने लिहिलेलं आहे : महाराजाधिराज श्री समुद्रगुप्त. मालकी इतकी ठसठशीत नोंदवलेली हार्प पुढे फारशी सापडत नाही.

आता दुसरी एक हार्प डोळ्यांसमोर आणा. समजा, १८१५ च्या सुमाराला लंडनमध्ये बनलेली. सोनेरी नक्षी, खांबाच्या टोकाशी पंख असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, पायाशी सात पेडलं. कुणा जमीनदाराच्या मुलीसाठी ती घेतली, मुलीबरोबर सासरी गेली, नातवंडांपैकी कुणीच वाजवेना म्हणून माळ्यावर गेली, घर विकताना खाली आली. त्यानंतर तिचं काय झालं? आज ती कुणाकडे आहे?

हा प्रश्न विचारणारे लोक जगात थोडे आहेत, पण चिवट आहेत. कुणाला आपल्या खापरपणजीची हार्प बघायची असते. कुणी एका कारागिराच्या शिल्लक वाद्यांची यादी करत असतो. माझा एक मित्र जुन्या हार्पच्या हुबेहूब प्रती बनवतो. त्याला अजून कुणी पोखरून दुरुस्त न केलेली एखादी हार्प आतून मोजायची होती. त्याच्यासाठी पुण्यात बसून जुन्या नोंदी वाचून देण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी या नादाला लागलो. मला हार्प वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे जमिनीचा मालक हवा असेल तर सातबारा काढतात आणि फेरफारांचा माग घेत पणजोबांपर्यंत जातात. हार्पला सातबारा नसतो. जन्मदाखला मात्र कधीकधी असतो, आणि तोही इतका तपशीलवार की आपण बघत राहावं. जन्माची नोंद चोख, आणि मधले फेरफार सगळे गायब. शोधाची सगळी कटकट इथून सुरू होते.

आधी वाद्य ओळखायचं

पेडल हार्पचा सांगाडा त्रिकोणी असतो. वरची वळणदार मान, समोरचा खांब आणि वादकाच्या खांद्याला टेकणारी पोकळ पेटी. पेटीवर पातळ लाकडाची फळी बसवलेली असते. तिला आपण सतार-तंबोऱ्याच्या भाषेत तबली म्हणू. तारा मानेवरच्या खुंट्यांना बांधलेल्या आणि खाली तबलीत रोवलेल्या.

अडचण अशी की प्रत्येक तारेला एकच सूर. राग बदलला की गवई स्वरमंडळ पुन्हा लावतो, तसं युरोपातल्या वादकाला भर मैफिलीत करणं शक्य नव्हतं. त्यावरचा उपाय म्हणजे पेडल : पायाने दाबलं की त्या नावाच्या सगळ्या तारा, सगळ्या सप्तकांतल्या, एकदम अर्ध्या सुराने चढतात. अठराव्या शतकात पॅरिसच्या कारागिरांनी, त्यांतही नादरमान घराण्याने, यासाठी धातूचे आकडे (हुक) वापरले. आकडा तारेला ओढून मानेवर दाबायचा, आणि त्यात तार तिच्या रांगेतून सरकायची. स्ट्रासबुर्गला १७५२ मध्ये जन्मलेल्या सेबास्त्यां एरारने आकड्याऐवजी पितळेची छोटी फिरती चकती बसवली. चकतीवर दोन खुंट, चकती फिरली की दोन्ही खुंट तारेला चिमटीत धरतात आणि तार आखूड होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो लंडनला गेला आणि १७९४ मध्ये तिथे त्याने या हार्पचं पेटंट घेतलं. १८१० मध्ये त्याने प्रत्येक तारेला दोन चकत्या दिल्या. आता पेडल दोन टप्प्यांत दाबता येऊ लागलं आणि कुठल्याही पट्टीत वाजवणं शक्य झालं. आजच्या वाद्यवृंदातली हार्प याच कल्पनेवर चालते.

हे यंत्र सांगण्यात एवढा वेळ घातला, कारण ते ज्या पितळी पट्ट्यांवर बसवलेलं असतं त्या पट्ट्यांवरच हार्पचं नाव-गाव कोरलेलं असतं. लंडनच्या एरार हार्पवर पेटंटचा उल्लेख, क्रमांक आणि ‘१८ ग्रेट मार्लबरो स्ट्रीट’ हा पत्ता वळणदार अक्षरांत दिसतो. शोध घ्यायचा तो या क्रमांकाचा. मालकाचं नाव घेऊन मागे लागलात तर हाती आडनावांचा ढीग येतो. क्रमांक धरलात तर एकच वस्तू हाती येते.

आणि हार्पच्या बाबतीत क्रमांकाला महत्त्व येण्याचं आणखी एक कारण आहे. चांगलं व्हायोलिन तीनशे वर्षं टिकतं. हार्प स्वतःच स्वतःला मोडत असते. आजच्या मोठ्या हार्पमध्ये ४७ तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण नऊशे किलोच्या आसपास जातो. जुन्या हार्प याहून हलक्या, पण ओढ तीच : तबली वर फुगते, मान पिळवटते, सांधे उघडतात. जुन्या हार्पवर आजच्या जाड तारा चढवल्या तर हे काम आणखी लवकर होतं. त्यामुळे वाजत्या राहिलेल्या बहुतेक जुन्या हार्पची तबली कधी ना कधी बदललेली असते, काहींची मानही. जोतं तेवढं जुनं आणि वर सगळं बांधकाम नवं, असे वाडे आपण पाहतो ना, तसंच. अशा वेळी ही हार्प तीच आहे हे सांगायला बहुधा पितळी पट्टीच उरते.

एक खबरदारी. एरारचे कारखाने दोन होते, लंडनला आणि पॅरिसला, आणि दोन्हींची क्रमांकमालिका वेगळी. म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन एरार हार्प निघू शकतात. पट्टीवर गाव कोणतं कोरलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी खबरदारी संगणकावर शोधणाऱ्यांसाठी : इंग्रजीत ब्लूज वाजवणारे लोक माउथ ऑर्गनलाही हार्पच म्हणतात. ‘जुनी हार्प, दुर्मीळ, क्रमांकासह’ असं शोधलं की माउथ ऑर्गनांची रांग लागते, आणि मध्ये हार्पचं चित्र असलेली एखादी बिअरची बाटलीही.

खतावणी काय सांगते

एरारच्या लंडनच्या कारखान्याच्या हार्पच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकच्या संग्रहालयात त्या आहेत आणि १७९७ पासूनच्या नोंदी त्यात सापडतात. पॅरिसच्या वह्या तिथल्या संगीत संग्रहालयात आहेत. पानांच्या प्रतिमा संगणकावर बघता येतात, म्हणून तर माझ्यासारख्याला घरबसल्या ही लुडबुड करता आली.

वहीत क्रमांकाच्या ओळीत हार्पचा रंग किंवा लाकूड, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. अक्षर कारकुनी, घाईचं, पण एकदा वळण ओळखीचं झालं की मोडीपेक्षा बरं वाचता येतं. घेणाऱ्यांत उमराव आहेत, त्यांच्या बायका-मुली आहेत, आणि हार्प शिकवणारे मास्तरही. मास्तरांचं नाव दिसलं की सावध व्हावं. त्यांतले काही स्वतःसाठी घेत, काही शिष्यांच्या वतीने. तेव्हा वहीतलं नाव म्हणजे मालकच, असं गृहीत धरता येत नाही.

माझी फजिती इथेच झाली. मित्राकडे एका जुन्या लिलावाच्या पत्रकातला कृष्णधवल फोटो होता. पट्टीवर चार आकडे. तिसरा आकडा ३ की ८ ते कळेना. मी भिंग लावून, स्क्रीनवर मोठा करून, उजेड कमी-जास्त करून शेवटी ३ ठरवला. वहीत त्या क्रमांकाची हार्प निळी लिहिलेली होती. फोटोतली काळी दिसत होती. कृष्णधवल फोटोत निळं काळंच दिसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या निळ्या हार्पच्या पहिल्या मालकाच्या खानदानामागे दीड महिना घालवला.

एरारची वही हा अपवाद आहे, नियम नव्हे. डब्लिनचा जॉन एगन हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मोठा कारागीर. त्याने सहज उचलून नेता येतील अशा छोट्या आयरिश हार्प बनवल्या, हिरव्या-निळ्या रंगांवर सोनेरी शॅमरॉकची पानं काढलेल्या. अशा हार्पच्या बाबतीत वाद्यावरचं लिखाण, रंगाची शैली आणि घराण्यातले कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते. अमेरिकेत शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीने १८८९ मध्ये पहिली हार्प बनवली आणि ती कंपनी आजही हार्प बनवते, तेव्हा तिथे निदान विचारायला दार तरी आहे. तिची जुनी प्रतिस्पर्धी वुर्लिट्झर. तिच्या हार्पना आजही मोठी मागणी आहे, पण त्या बनवणं कधीच थांबलं.

घराण्याच्या गोष्टी आणि घराण्याचे कागद

जुन्या वाद्याबरोबर एक गोष्ट चिकटून येते, आणि बहुधा तिच्यात एखादी राणी असते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधली हार्प ब्रायन बोरू या आयरिश राजाची म्हणून प्रसिद्ध आहे. राजा १०१४ मध्ये लढाईत पडला. हार्प मात्र चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहे. म्हणजे राजा आणि त्याची हार्प यांत तीन-चारशे वर्षांचं अंतर! तरी आयर्लंडच्या राजचिन्हावर, नाण्यांवर तीच हार्प विराजमान झाली. गिनेस कंपनीने आपल्या बिअरसाठी तिचं चित्र १८७६ मध्येच नोंदवून ठेवलं होतं, म्हणून सरकारी हार्पचं तोंड उलट्या दिशेला करावं लागलं. या हार्पचा खरा कागदोपत्री माग १७८२ पासून पक्का आहे. त्या वर्षी विल्यम कनिंगहॅम नावाच्या गृहस्थाने ती कॉलेजला दिली. १९६९ मध्ये ती चोरीला गेली होती, आणि काही आठवड्यांत परत मिळाली. इतकं प्रसिद्ध वाद्य विकणार तरी कुणाला!

माझी आवडती हार्प मात्र डाउनहिलची. तिच्या लाकडावरच इंग्रजीत एक छोटं पद्य कोरलेलं आहे. हार्प स्वतःच बोलते : नोहाच्या काळी मी हिरवी होते, महापुरानंतर कुणाला दिसले नाही, १७०२ मध्ये कॉर्मॅक ओ’केलीने मला जमिनीखालून वर काढलं. मागचा संदर्भ असा की दलदलीत शेकडो वर्षं गाडलं गेलेलं लाकूड तिकडे काढून वापरत. म्हणजे लाकूड कुठलं, साल कोणतं, कारागीर कोण, सगळं एका पद्यात. पुढे ती डेनिस हेम्पसन या आंधळ्या वादकाकडे होती. १७९२ मध्ये बेलफास्टला जुन्या वादकांचा जो मेळावा भरला त्यातला तो सर्वांत म्हातारा. आज ही हार्प डब्लिनला गिनेसच्या प्रदर्शनात आहे. इथे मालक शोधायला तिकीट काढलं की झालं.

फेरफार सलग सापडले तर कसं दिसतं, हे बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या दोन हार्प बघाव्यात. एकीला लॅमंट म्हणतात, दुसरीला क्वीन मेरी. दोन्ही पर्थशरमधल्या लूडच्या रॉबर्टसन घराण्याकडे होत्या. एक राणी मेरीने दिली, ही घरातली कथा. कथेच्या पुढे मात्र कागद आहेत. १८०७ मध्ये जॉन गन याने दोन्ही हार्पचं वर्णन छापलं. १९०४ मध्ये एडिंबरोला त्या लिलावात निघाल्या. एक थेट संग्रहालयाने घेतली, दुसरी एका संग्राहकाने, आणि त्याच्या मृत्युपत्रातून तीही तिथेच आली. आज दोन्ही एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. छापील वर्णन, लिलाव, मृत्युपत्र, संग्रहालय. सामान्य हार्पचा माग काढताना आपण हेच टप्पे शोधत असतो. फक्त ते इतके ओळीने हाती येत नाहीत.

मधलं धुकं

पहिला मालक सापडला आणि आजचा सापडत नाही, तर मधली दोनशे वर्षं कशी पार करायची?

इंग्लंडपुरतं बोलायचं तर मृत्युपत्रं मोठी मदत करतात. १८५८ पासून इंग्लंड आणि वेल्समधली सिद्ध झालेली मृत्युपत्रं एका सरकारी व्यवस्थेत आहेत आणि कुणालाही मागवता येतात. ‘माझी हार्प धाकट्या पुतणीला’ अशी ओळ मिळाली की शोधाला दिशा मिळते. बहुतेक वेळा मात्र ‘घरातील सर्व सामान’ अशी एकच ओळ असते आणि हार्प त्या ‘सर्व’मध्ये बुडून जाते. मग जुनी वर्तमानपत्रं. मोठी घरं मोडली की सामानाच्या लिलावाची जाहिरात यायची, आणि जाहिरातीत एरारचं नाव आवर्जून असायचं, कारण त्या नावाला गिऱ्हाईक होतं. क्रमांक जाहिरातीत क्वचितच असतो. त्यामुळे ‘बहुधा हीच’ इतपतच म्हणता येतं, आणि ‘बहुधा’ हा शब्द नोंदीतून खोडायचा मोह टाळावा लागतो.

पॅरिसच्या हार्पसाठी एक काळ वेगळा तपासावा लागतो : १९४० ते १९४४. जर्मनांनी फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समधल्या ज्यू कुटुंबांची वाद्यं पद्धतशीर उचलून नेली. त्यासाठी संगीताचं स्वतंत्र पथकच होतं. हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं कळांचं वाद्य वाजवणाऱ्या वांडा लांडोव्स्का यांचा पॅरिसजवळचा अख्खा वाद्यसंग्रह असाच गेला. म्हणून एखाद्या पॅरिसच्या हार्पचा इतिहास १९३८ ला थांबत असेल आणि १९५० ला कुण्या दुकानात पुन्हा सुरू होत असेल, तर मधल्या बारा वर्षांबद्दल विचारलंच पाहिजे. चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणारी आर्ट लॉस रजिस्टरसारखी संस्था आणि इंटरपोलची यादी, दोन्हीकडे बघून घ्यावं. आजच्या मालकाला यातलं काहीच ठाऊक नसण्याची शक्यता असते. त्याच्या दारात जाऊन पहिल्या वाक्यात हे बोलू नये, एवढं तारतम्य हवं.

या टोकाकडून मागे

वर्षभर वह्या चाळल्यावर माझं मत असं झालं की पहिल्या मालकाकडून आजच्याकडे येण्यापेक्षा आजच्या जगातून मागे जाणं सोपं. कारण हार्प लपवायला कठीण वस्तू आहे. माणसाच्या उंचीची, जिना चढवताना दोन माणसं लागणारी, आणि दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी हाताखालून जाणारी.

वाजती असेल तर ती कारागिराला ठाऊक असते. हार्पच्या चकत्या वेळोवेळी जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर पेडल दाबल्यावर अर्धा सूर नीट लागत नाही. हे काम करणारे लोक मोजके आहेत आणि त्यांतले बरेच गावोगाव फिरतात. त्यांच्या वहीत क्रमांक असतो. ते कधीच नाव सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. पण ‘ही हार्प जिवंत आहे का’ एवढ्याचं उत्तर कधीकधी मिळतं.

वाजती नसेल तर ती फर्निचर झालेली असते. हे मला उशिरा कळलं. मी वाद्यांचे लिलाव बघत बसलो होतो, आणि जुन्या हार्प निघत होत्या झुंबरं, आरसे आणि संगमरवरी टेबलांच्या लिलावात. तारा तुटलेल्या, सोनेरी खांब मात्र झळझळीत, घर सजवणाऱ्यांच्या कामाच्या. वर्णनात ‘रीजन्सी काळातली’, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, ‘सोनेरी हार्प’ एवढंच लिहितात आणि क्रमांक फोटोत कुठेतरी असतो. म्हणून फोटो बघावेत, वर्णन वाचून पुढे जाऊ नये.

संग्रहालयांचं काम तुलनेने सोपं. युरोपातल्या अनेक वाद्यसंग्रहांची ‘मिमो’ नावाची सामायिक यादी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रत्येक वस्तूखाली ती कुणी, कोणत्या साली दिली ते असतं. आणि अमेरिकी वादकांच्या बाबतीत युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा हार्प-संग्रह विसरू नये. वादकांचे फोटो आणि पत्रव्यवहार तिथे जपलेले आहेत. फोटोत मागे उभी असलेली हार्प ओळखून माग लागू शकतो.

कधीकधी हार्पचा मालक सगळ्या जगाला माहीत असतो, आणि त्या गोष्टीही ऐकण्यासारख्या असतात. जुन्या अमेरिकी विनोदी चित्रपटांतल्या मार्क्स बंधूंपैकी हार्पो, ज्याचं नावच या वाद्यावरून पडलं, त्याने आपली हार्प मृत्युपत्रात इस्राएलला दिली. जॉन कोल्ट्रेन या जॅझच्या महान वादकाने लायन अँड हीलीची मोठी हार्प मागवली. ती घरी पोचली तेव्हा तो या जगात नव्हता. १९६७ च्या जुलैत तो गेला. त्याची पत्नी अ‍ॅलिस तीच हार्प वाजवू लागली. पुढे ती हिंदू साधनेकडे वळली, तुरियासंगीतानंद झाली, कॅलिफोर्नियात तिने आश्रम काढला. अलीकडे ती हार्प दुरुस्त झाली आणि ब्रँडी यंगर ही आजची वादक ती वाजवते. तबली, तारा, चकत्या काहीही बदललं असेल, तरी ‘कोल्ट्रेनने मागवलेली’ ही तिची ओळख कुणी बदलू शकत नाही.

नाव कळेलच असं नाही

समजा, हार्प सापडली. विक्रेता म्हणतो, हो, आम्ही सहा वर्षांपूर्वी विकली. कुणाला? ते सांगता येणार नाही. युरोपात मे २०१८ पासून वैयक्तिक माहितीचा कडक कायदा लागू आहे, आणि तो नसता तरी चांगला विक्रेता नाव देत नसे. घरात महागडी वस्तू आहे हे जाहीर व्हावं असं कुणाला वाटेल? यावर रागावण्यात अर्थ नाही. एका विक्रेत्याने माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही तेव्हा मीही चडफडलो होतो. नंतर माझंच पहिलं पत्र वाचून बघितलं. वसुलीवाल्याने पाठवावं तसं होतं ते : मालकाचं नाव आणि पत्ता कृपया त्वरित कळवावा!

यातली जुनी, चालणारी रीत म्हणजे मध्यस्थाच्या हाती पाकीट देणं. पत्र मालकाला लिहायचं, पाकीट उघडं ठेवून विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे द्यायचं, आणि ‘वाचून योग्य वाटलं तर पुढे पाठवा’ म्हणायचं. मित्राने आणि मी मिळून शेवटी जे लिहिलं त्याचा मराठी ऐवज साधारण असा :

‘आपल्याकडे असलेल्या हार्पबद्दल लिहीत आहोत. आम्हाला ती विकत घ्यायची नाही आणि तिच्या मालकीबद्दल काही वादही नाही. आमच्यापैकी एक जण जुन्या हार्पच्या प्रती बनवतो आणि तिची तबली मूळची आहे का, हे जाणून घ्यायची त्याला इच्छा आहे. आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही आणि ते कळवण्याची गरजही नाही. जमलं तर पितळी पट्टीचा एक फोटो पाठवावा. या हार्पचा पहिला खरेदीदार कोण, ते आम्ही नोंदवहीतून काढून आपल्याला कळवू. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य मित्राचं. मला ते भित्रं वाटलं होतं. आता वाटतं, त्या एका वाक्यामुळेच पाकीट पुढे गेलं असावं. आणि पहिल्या खरेदीदाराचं नाव देऊ करणं, ही खरी देवाणघेवाण. ज्याच्या घरात हार्प आहे त्याला तिचा जन्म ठाऊक नसतो, आणि ज्याच्याकडे वही आहे त्याला तिचं आजचं घर ठाऊक नसतं.

नऊ आठवड्यांनी विक्रेत्यामार्फतच उत्तर आलं. खाली सही नव्हती. तबलीच्या आतल्या बाजूचे चार फोटो होते, लाकडावर मोजपट्टी ठेवून काढलेले, आणि पाचवा पितळी पट्टीचा, रंगीत, स्वच्छ उजेडात. तिसरा आकडा ८ होता. मी वही पुन्हा उघडली, ३ ची ओळ सोडून ८ ची काढली. रंगाच्या रकान्यात लिहिलं होतं : काळी.